एफगेट्सरावांना अनावृत पत्र

श्री. एफगेट्सराव,
मु. पो. एसटीडीआयओ डॉट एच

सा. न. वि. वि.

आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी परवा छापून आली. तीत 'ल्ली, पुणे' नावाचे एक नवे सभासद दाखल झाले आहेत. नावाआधी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. वर्गणी थकलेली, कारण ते जन्मालाच आलेले नाहीत. वरच्या ओळीतल्या आजींच्या पत्त्याचं ते शेपूट आहे.

आमच्या सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये ओळी वाचायचं काम आपल्याकडे होतं. बफर 100 बाइटांचा. आपण 99 भरलेत, एक शेवटच्या शून्यासाठी राखलात. नियमाला धरूनच! इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, एकट्या 'क्ष'ला नऊ. मधे एकेका बाइटाचे स्वल्पविराम आणि स्पेस आले, हिशेब घसरला आणि आपण 'गल्ली'तल्या 'ग'च्या पोटातूनच कात्री चालवलीत.

ओळीअखेरचं न्यूलाइन नावाला चिकटवून आणता, मग शोधलेलं नाव सापडत नाही. तेही सोडा. पण अर्धी ओळ दिली तरी पॉइंटर तोच, पुरी दिली तरी तोच? किती वाचलं, चकार शब्द नाही! न्यूलाइन आहे का ते आम्हीच चाचपायचं. आणि फाइलच्या शेवटच्या ओळीला ते मुळातच नसलं, तर पुन्हा एन्ड-ऑफ-फाइलची चौकशी. अरे, ओळ तोडलीस तर तोडली म्हणून सांग ना! तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहेस?

तसा तू बिचारा प्रामाणिक. तुझा भाऊ गेट्स बफर केवढा आहे हे विचारतच नसे. 1988 च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म त्याच्याच कृपेने फिंगर सर्व्हरमध्ये घुसला. तरी सीच्या प्रमाणातून त्याला हाकलायला 2011 उजाडलं. तू निदान माप विचारतोस. मेमरी किलोबाइटात मोजायच्या काळातला तू. मागेल त्याला बफर वाढवून द्यायला तुझ्याकडे होतं काय?

पुढची यादी गेटलाइनकडे दिली आहे. 2008 पासून तो पॉझिक्समध्ये आहे. बफर वाढवत मेमरी खातो, मागून फ्री करायचं कामही आमच्याच गळ्यात. पण लांबी सांगतो.

कळावे, लोभ असावा. आणि उत्तर धाडाल तेव्हा किती बाइट वाचले तोही आकडा असावा.

आपला,
एक वैतागलेला प्रोग्रामर