पाषाणाचा बंदोबस्त

ज्यांचे अर्धे आयुष्य शेजाऱ्याची खोकल्याची उबळ मोजण्यात गेले, अशा सज्जनांची दगडी घरावर भाबडी श्रद्धा असते की, तेथे एका दालनात शंखध्वनी झाला तरी दुसऱ्या दालनातील योग्याची समाधी भंग पावत नाही. ही श्रद्धा अगदीच निराधार नव्हे. भिंतीचे वजन दुप्पट केले की तिच्यातून पलीकडे जाणारा ध्वनी सुमारे सहा डेसिबलने उतरतो, आणि काळ्या पाषाणाच्या दोन फुटी भिंतीचे वजन दर चौरस मीटरला एका टनाहून अधिक भरते, त्यामुळे शेजारचे कौटुंबिक मतभेद तिच्यातून आरपार येणे दुरापास्तच.

ते येतात दारातून. भिंतीचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर उरलेले नव्व्याण्णव हिस्से वज्राचे असले तरी एकंदर बंदोबस्त वीस डेसिबलांपुढे सरकत नाही. वेशीवर कडक पहारा आणि चोरदिंडी सताड उघडी, असा तो कारभार.

शिवाय पाषाण आवाजाला जसा बाहेर अडवतो, तसाच आत कोंडून ठेवतो. ध्वनीचे शेकडा दोन-तीन अंश पोटात घालून बाकीची सारी रक्कम तो तत्काळ परत करतो. विजापूरच्या गोलघुमटात ही परतफेड ऐकण्यास दूरदूरचे प्रवासी येतात. आमच्या माजघरात मात्र मामांच्या एका घोरण्याची पूर्णाहुती होण्यापूर्वीच दुसऱ्याचे मंगलाचरण सुरू होते, आणि प्रवासी म्हणून आलेला पाहुणा पहाटेच्या एस्टीची चौकशी करू लागतो.

या व्याधीवर गवंड्याचा इलाज नाही, गादीचा आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सेबिन या तरुण अध्यापकाकडे एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाची तक्रार सोपवली, तेव्हा त्याने नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणवून, प्रयोग आटोपताच जागच्या जागी पोचवून, ध्वनिशोषणाच्या शास्त्राचा पाया घातला. भिंतीला फोमचे पातळ तक्ते चिकटवून शेजाऱ्याचा रेडिओ बंद पाडण्याची हमी देणाऱ्या ठेकेदारांच्या कानी ही हकीकत अद्याप गेलेली दिसत नाही. कारण मऊ वस्तू आतला घुमार शोषते, पलीकडून येणारा आवाज अडवणे हे वजनाचे काम.

तेव्हा दगडी घरांच्या मालकांस विनंती एवढीच की, भिंतींस हात न लावता आधी दारांच्या व खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, मग जाजमे, घोंगड्या आणि जाड पडदे यांवर सढळ हाताने खर्च करावा. आणि मामा मुक्कामास आले असता त्यांची गादी पलीकडच्या खोलीत घालून दार घट्ट लावून घ्यावे, म्हणजे पूर्वजांनी दगडावर केलेला खर्च वसूल होईल.