इसापूरच्या जलाशयात पाच किलो

डाउनरिगर हे ट्रोलिंगचे, म्हणजे चालत्या नावेमागून गळ ओढत नेऊन मासे धरण्याच्या पद्धतीतील एक उपकरण असून, आमिष पाण्याच्या पृष्ठभागावर न रेंगाळता ठरवलेल्या खोलीवर जावे आणि नाव चालू असेपर्यंत तिथेच राहावे, एवढ्याचसाठी ते वापरले जाते. नावेच्या काठावर घट्ट आवळलेले एक चाक, त्यावर गुंडाळलेली पोलादी तार, ती तार काठापासून दूर धरणारा आडवा दांडा, किती तार सुटली हे दाखवणारा गणक आणि तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा, अशी त्याची साधारण रचना असते. गळाची दोरी या तारेला एका चिमट्याने अडकवतात. मासा आमिषाला झोंबला की चिमटा सुटतो, ताणून वाकलेली काठी ताडकन सरळ होते आणि गोळ्याचा संबंध संपून मासा व माणूस यांच्यात फक्त दोरी उरते. हे सर्व समुद्रासाठी आणि समुद्राएवढ्या सरोवरांसाठी आहे. हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, आणि कनेरगाव नाक्याजवळून जाणाऱ्या पैनगंगेत उन्हाळ्यात म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते. तरीही एक डाउनरिगर कनेरगाव नाक्यावर येऊन पोहोचला, आणि त्याला कारणीभूत झाले ते अमेरिकेतील मिशिगन राज्य व प्रस्तुत प्रवाशाचा तेथे नोकरीस असलेला पुतण्या.

मिशिगन सरोवरात एलवाइफ नावाच्या लहान माशांचा सुळसुळाट झाल्यावर, तेथील मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये पॅसिफिक किनाऱ्याकडील कोहो सामन त्या सरोवराला मिळणाऱ्या प्रवाहांत सोडण्यात आले. सामनला थंड पाणी मानवते, त्यामुळे उन्हात वरचा थर तापला की तो खाली उतरतो, आणि त्याच्या तोंडाशी आमिष नेण्याच्या गरजेतून तिकडच्या लहान मासेमारी नावांवर डाउनरिगर रूढ झाला. पुतण्याने काकांची निवृत्ती सुखाची जावी म्हणून हे यंत्र आणले. गोळा मात्र आणला नाही, कारण तेवीस किलोंच्या पेटीत काकूंसाठी घेतलेल्या बिडाच्या तव्याला अग्रक्रम होता. काका नाराज झाले, काकूंनी तव्यावर त्याच दिवशी धिरडी घातली.

गोळ्याची उणीव नाक्यावरच्या एका किराणा दुकानदाराने भरून काढली. त्याने दिलेले पाच किलोचे लोखंडी माप षटकोनी होते, वर उचलायला मूठ होती, आणि त्याच्या एका खळग्यात भरलेल्या शिशावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का उमटलेला होता. असे शिक्के ठरावीक मुदतीने नव्याने मारून घ्यावे लागतात व शिक्का नसलेल्या मापाने माल विकणे हा गुन्हा आहे, हे दुकानदाराने माप हातात देताना सांगितले आणि ‘गुरुजी, संध्याकाळी हळद मोजायची हाये’ असेही बजावले. जगभरच्या डाउनरिगरांत शासनप्रमाणित वजन वापरण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, असे प्रवाशाचे मत होते व अद्याप आहे.

नाक्यावरची पैनगंगा ही एके काळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांच्यामधली सरहद्द होती. आज तिच्या पलीकडे वाशीम जिल्हा आहे आणि अलीकडे हिंगोली, जो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हीच नदी खाली गेल्यावर इसापूरच्या धरणात अडते, तेव्हा नदीचा माग धरून जाणे हेच शास्त्रशुद्ध ठरले असते. पण एसटी नदीचा माग धरत नाही, ती हिंगोलीवरून जाते. बसमध्ये मापाची पिशवी पायावर पडून एक प्रवासी कळवळला आणि वाहकाने पिशवीला तिकीट लावण्याचा विचार बोलून दाखवला. औंढा नागनाथ आणि नामदेवांचे नर्सी ही दोन्ही स्थळे याच जिल्ह्यात असून अत्यंत प्रेक्षणीय आहेत. वाटेत नसल्यामुळे ती राहिली.

इसापूर हे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे मातीचे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ५७ मीटर आणि लांबी चार किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. अशा जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून परवानगी काढावी लागली, आणि परवानगी देणाऱ्यांनी यंत्राकडे पाहून ‘हे वेल्डिंगचं हाये का?’ असे विचारले. मिळालेली होडी पत्र्याची, दोन वल्ह्यांची होती. साठीकडे झुकलेल्या भोई मामांनी प्रवाशाच्या देहाचा अंदाज घेऊन त्याला बरोबर मध्यावर बसवले आणि हलू नका म्हणून सांगितले, आणि पोहता न येणाऱ्या प्रवाशाने जिवंत माणसाच्या सूचनेचे इतके काटेकोर पालन पूर्वी कधी केले नव्हते.

ट्रोलिंगला नावेचा वेग ताशी तीन ते पाच किलोमीटर लागतो, आणि मामांच्या हातांना तो सहज जमला. चमच्यासारखे चकाकणारे खोटे आमिष दहा-बारा मीटर मागे सोडून दोरी चिमट्यात धरली, माप पाण्यात सोडले, चाक गरगरले, आणि गणकावर ४२ फूट हा आकडा आला. मामांनी ‘सात-आठ परस’ असा त्याचा अनुवाद केला. येथवर सर्व काही शास्त्राप्रमाणे झाले. पुढचे विवेचनही शास्त्राप्रमाणेच होते: नाव चालत असताना पाण्याच्या रेट्याने वजन मागे ढकलले जाते, तार तिरपी होते, आणि म्हणून गणक ४२ सांगत असला तरी प्रत्यक्ष खोली त्याहून कमी असते, हे प्रवाशाने मामांना हातवारे करून समजावले. मामा मुळात ऐकून घेणारे गृहस्थ. गुरुजी बोलत असताना वल्ही मारणे त्यांना शिष्टाचाराला सोडून वाटले, म्हणून त्यांनी ती थांबवली. होडी थांबली, रेटा संपला, तिरपी तार सरळ झाली आणि शासनप्रमाणित माप उरलेली खोली गाठून तळाशी कशात तरी घट्ट रुतले. सिद्धान्त इतक्या तातडीने सिद्ध झाल्याचे उदाहरण विरळा.

त्यानंतरचा वेळ तार सोडवण्यात गेला. पुढून ओढले तर होडी मागून कलली, मागून ओढले तर पुढून. डावीकडून ओढताना प्रवाशाच्या मांडीपर्यंत पाणी आले आणि त्याने तोंडाने विष्णुसहस्रनाम व मनाने पुतण्याचे नाव घेतले. तार पोलादी, जवळ फक्त विळा. डाउनरिगर वापरणाऱ्याने तार तोडण्याचे साधन हाताशी ठेवावे हा या विषयातला प्राथमिक नियम आहे आणि तो यंत्राच्या पुस्तिकेत ठळक छापलेला होता, परंतु पुस्तिका काकूंनी तव्याखाली ठेवली होती. दरम्यान थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून बसलेला एक तरुण हातांनी पाणी सारत शेजारून गेला. त्याच्या फासजाळ्यात आठ-दहा कटले होते. त्याने एकदा यंत्राकडे आणि एकदा प्रवाशाकडे पाहिले आणि मोबाइलवरून कोणाला तरी पक्कड घेऊन यायला सांगितले.

पक्कड येईपर्यंत मामांनी दूरची टेकडी आणि काठावरचे एक झाड यांची रेघ जुळवून पाहिली आणि वजन कुठे अडकले ते सांगितले. ‘हे चावडीपुढच्या लिंबाचं खोड हाये, गुरुजी. झाडं तोडली, खोडं ऱ्हायली.’ आपले घर तिथून तिसऱ्या गल्लीत होते, पाणी चढले तेव्हा आपण आठ-दहा वर्षांचे होतो, आईने उंबरठा उपटून बैलगाडीत घातला होता, हे त्यांनी वल्ह्यावर हनुवटी टेकवून सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘पानी आमच्या घरावर, केळी अर्धापूरला.’ अर्धापूरच्या केळीला इसापूरच्या कालव्याचे पाणी मिळते हे खरेच आहे. प्रवाशाने आपल्या घरी नेहमी येणाऱ्या त्या केळ्यांविषयी काही बोलणे टाळले, आणि व्याख्यान तेथेच संपले.

पक्कड आली, तार तुटली, आणि पाच किलोचे माप चावडीपुढे राहिले.

मासा लागला नाही, याचे कारण यंत्रात शोधणे अन्यायाचे होईल. अशा जलाशयांत संचयन होते ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ या माशांचे. पैकी कटला वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ व पाणवनस्पतींवर जगतो आणि मृगळ तळाचा गाळ चाळतो. पळणाऱ्या चकाकत्या चमच्यामागे धावण्याचे यांपैकी एकालाही कारण नाही. शिवाय उन्हाळ्यात खोल पाण्यातला प्राणवायू कमी पडत असल्याने येथला मासा सामनप्रमाणे खाली न जाता वरच राहणे पसंत करतो. शिकारी स्वभावाची मरळ आहे, पण ती काठच्या गवतात असते, आणि तिथे डाउनरिगर टाकला तर गणक शून्याच्या पुढे जात नाही.

दुकानदाराने त्या संध्याकाळी दोन-दोन किलोंची दोन आणि एक किलोचे एक अशी मापे लावून हळद मोजली आणि नव्या मापाचे पैसे, शिक्क्याच्या शुल्कासह, वहीत प्रवाशाच्या नावावर मांडले. ज्या वाचकांना इसापूरला गळ टाकायचा असेल त्यांनी संस्थेची परवानगी आधी काढावी, मरळीसाठी बेडूक न्यावा, आणि पक्कड विसरू नये. डाउनरिगर कोणास हवा असल्यास तो प्रस्तुत प्रवाशाकडे वजनाविना, वापरलेल्या पण उत्तम स्थितीत विकणे आहे.