सड्यावरची समाधी

अर्धशिशी ही मोठी बौद्धिक संपत्ती आहे, असं कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी ती इतकी वर्षं बाम चोळून वाया घालवली नसती.

झालं असं, की पुरातत्त्व शिकणाऱ्या भाच्याने ‘केंब्रिज आर्किऑलॉजिकल जर्नल’चे काही जुने अंक मला आणून दिले. हे नियतकालिक १९९१ साली सुरू झालं. खापरं-हाडं मोजून झाली की ती वापरणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हे शोधणं हा त्याचा खास प्रांत. केंब्रिजच्याच कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८२ च्या व्याख्यानात असं मनाचं पुरातत्त्व मांडलं होतं. त्यांचं उदाहरण मोहेंजोदडोच्या दगडी वजनांचं. ते घनाकार दगड एकमेकांच्या ठरावीक पटीत भरतात, म्हणजे घडवणाऱ्याला वजन आणि माप या कल्पना ठाऊक होत्या. नेटका, बिनतोड युक्तिवाद. मला तो मुळीच आवडला नाही. त्यात माझ्यासारख्याला लुडबुड करायला जागाच नव्हती.

जागा मिळाली ती गुहाचित्रांच्या वादात. डेव्हिड लुईस-विल्यम्स आणि थॉमस डाउसन यांनी १९८८ मध्ये मांडलं, की भान हरपलेल्या माणसाला आधी ठिपके, जाळ्या, नागमोडी रेषा दिसतात. मग मेंदू त्यांत ओळखीच्या वस्तू बघतो. तिसऱ्या टप्प्यात थेट प्राणी अवतरतात. या आकृत्या आपली मज्जासंस्थाच तयार करते, तेव्हा हिमयुगातल्या शमनालाही, म्हणजे समाधीत जाणाऱ्या मांत्रिकालाही, त्याच दिसल्या असणार आणि त्याच गुहेत रंगवल्या गेल्या असणार. अर्धशिशीतही अशा रेषा दिसतात, हे कळल्यावर मी बायकोला हाक मारून सांगितलं, “अगं, मी शमन आहे.”

“गोळी घेतलीत का?” ती म्हणाली.

भाच्याने दिलेल्या २००३ च्या अंकात पॅट्रिशिया हेल्व्हेन्स्टन आणि पॉल बान यांनी या टप्प्यांचा खरपूस समाचार घेतला आहे. तीन टप्प्यांचा असा क्रम मेस्कलिन, एलएसडी आणि सायलोसायबिन या तीनच द्रव्यांनी घडतो, असं त्यांचं म्हणणं. हा लेख मी ‘सवडीने वाचू’ म्हणून उशीखाली सरकवला.

सिद्धांत हाती होता, दगड हवे होते. तेही सासुरवाडीलाच निघाले. राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, कातळशिल्पं आहेत. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीला प्रचंड हत्ती आहे, बारसूला दोन वाघांमध्ये उभा माणूस आहे. मी निवडलं देवीहसोळ. आर्यादुर्गेच्या देवळाजवळ जांभ्यात कोरलेली ती चौकोनी, गुंतागुंतीची नक्षी म्हणजे माझ्या डोक्याचाच नकाशा, अशी माझी खात्री होती.

अर्धशिशी उठावी म्हणून चहा टाळला, टोपी घरी ठेवली आणि एप्रिलच्या भर दुपारी शिल्पापासून शास्त्रीय अंतर राखून कातळावर आडवा झालो. एप्रिलचा जांभा पाठीला काय करतो, याबद्दल केंब्रिजवाले काही लिहीत नाहीत. पण विद्या फळली. डाव्या डोळ्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी दातेरी रेघ लकाकू लागली, हळूहळू पसरली, मधला भाग पुसून गेला. मी वहीत भराभर रेघोट्या ओढल्या. दुसऱ्या टप्प्यात त्या रेघेची करवत झाली. तिसऱ्याची वाट बघत असतानाच मला ओकारी झाली.

डोळे उघडले तेव्हा एक आजीबाई माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसल्या होत्या. “हितं कशाला पडलाव ओ उन्हात?” मी क्षीण आवाजात मज्जासंस्थेबद्दल सांगू लागलो. त्यांनी कांदा आणखी जवळ आणला.

मेहुणा छत्री घेऊन आला होता, तो कुठे दिसेना. तो काजूच्या सावलीत घोरत होता. प्रयोगाला तुलना हवी, म्हणून घरी आल्यावर, आमसुलाचं सरबत पोटात गेल्यावर, मी त्यालाही वही काढून विचारलं, “तुला काय दिसलं?”

“ठिपके-बिपके नाय दिसले, भावोजी,” तो आळस देत म्हणाला, “पण बांगडा दिसला. एकदम स्पष्ट.”

म्हणजे मेहुणा विनासायास तिसऱ्या टप्प्यावर पोचला होता. बांगडा तळलेला होता, एवढीच काय ती शास्त्रीय अडचण.