शुक्रवारचं प्रगतिपुस्तक

शुक्रवारी संध्याकाळी शाळेकडून येणारं 'वीकली अपडेट' मुलांविषयी असतं, अशा समजुतीने आपण ते वाचतो. ही समजूत सोडून दिली की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. उदाहरणार्थ, मुलांनी काय केलं यापेक्षा ते किती आनंदाने केलं, यावर त्यात एवढा भर का असतो. 'अवर लिटल वन्स एन्जॉइड...' अशी सुरुवात पावसाळ्यालाही चालते, 'यलो डे'लाही चालते आणि हातच्याच्या बेरजेलाही चालते. आता सात वर्षांच्या मुलांचा अख्खा वर्ग हातच्याच्या बेरजेत रंगून जातो असं दर आठवड्याला लिहून येत असेल, तर ते खरं असण्याची शक्यता कमी आणि ते कोणाला तरी ऐकायचं असण्याची शक्यता जास्त. हा कोणीतरी म्हणजे मी, आणि वर्गातल्या उरलेल्या मुलांचे माझ्यासारखेच आईबाप. माझं म्हणणं इतकंच आहे की या पत्रात प्रगती मुलांची नसते, आमची असते. शाळेची निवड बरोबर केली, फी वाया गेली नाही, आपण जागरूक पालक आहोत, हे तीनही विषय आम्ही दर शुक्रवारी उत्तम गुणांनी पास होतो.

पुरावा हवा असेल तर आम्ही ते पत्र वाचतो कसे, ते पाहावं. लग्नाचा अल्बम हातात आला की माणूस नवरा-नवरीच्या आधी स्वतःला शोधतो, तसा मी बावीस फोटोंमधून आधी आपलं कार्टं शोधतो. दोन बोटांनी फोटो ताणायचा, मागच्या रांगेत एक अर्धा कान सापडला की तो आपलाच असल्याची खात्री करायची, आणि मग त्या अर्ध्या कानाबद्दल व्यवस्थापनाच्या पक्षपाती धोरणावर मनातल्या मनात एक भाषण करायचं. त्यानंतर 'स्टार ऑफ द वीक'. तो आपला असेल तर शाळेला गुणांची पारख आहे. नसेल तर असल्या वयात स्पर्धा कशाला, असा आमचा एक ठाम शैक्षणिक विचार आहे. पत्राच्या अगदी तळाशी एक ओळ असते, की सोमवारी चार्ट पेपर, आइस्क्रीमच्या काड्या आणि टिश्यूच्या रोलची रिकामी नळी पाठवावी. संपूर्ण मजकुरात कामाची ओळ ही एकच. ती कोणीही वाचलेली नसते, हे रविवारी रात्री साडेदहाला पालकांच्या ग्रुपवर सिद्ध होतं. 'उद्या काय आणायचंय?' हा पहिला प्रश्न, 'सेम क्वेश्चन' हा दुसरा, आणि त्यापुढे हात जोडलेल्या इमोजींची रांग. ज्याने फोटोतला अर्धा कान ओळखला त्याला एका ओळीची सूचना दिसू नये, यात दोष नजरेचा नाही.

इथे जरा वाट वाकडी करून शेऱ्याविषयी बोललंच पाहिजे, कारण शेरा हा मराठी गद्याचा अत्यंत दुर्लक्षित प्रकार आहे. त्यावर कोणी प्रबंध लिहिलेला असेल तर मला तो वाचायचाय. जुन्या प्रगतिपुस्तकात गुणांचे रकाने संपले की कोपऱ्यात जेमतेम दोन बोटं रुंदीची जागा असे, आणि तेवढ्यात बाईंना एक माणूस बसवायचा असे. 'ठीक', 'बरा', 'बोलका आहे', 'अक्षर सुधारावे', 'गणिताकडे लक्ष द्यावे'. या शेवटच्या वाक्यातली करामत बघा. लक्ष कोणी द्यावे, हे त्यात नाही. मुलाला वाटे वडिलांनी द्यावे, वडिलांना वाटे मुलाने द्यावे, आई म्हणे दोघांनी द्यावे, आणि वर्षअखेर कोणीच दिलेलं नाही हे पुढच्या शेऱ्यात यायचं. 'बोलका आहे' हे कौतुक नव्हे, ही फिर्याद होती, आणि ती फिर्याद आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. सगळ्यात धोकादायक शेरा 'हुशार आहे, पण' असा सुरू व्हायचा. 'हुशार आहे' हे फक्त पुढच्या घावाआधी पाठीवरून फिरवलेला हात. 'ठीक'ची तर रेंजच वेगळी. ती 'काळजीचं कारण नाही'पासून 'आता देवच तारील'पर्यंत जायची, आणि नेमका अर्थ कळायला त्या बाईंचा स्वभाव माहीत असावा लागे. या शेऱ्यांत क्रूरपणा नव्हता असं नाही. 'ढ' हा एकाक्षरी शेरा तोंडी का होईना, अनेकांनी ऐकलेला आहे आणि त्याचे वळ पन्नाशीतही जात नाहीत. पण शेरा लिहिणाऱ्याने त्या एका मुलाकडे एकदा तरी पाहिलेलं असायचं.

मग शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि दोन बोटांची जागा ऐसपैस झाली. आता वर्णनात्मक नोंदी आल्या. 'विशेष प्रगती', 'आवड/छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' असे तीन प्रशस्त रकाने. हेतू उत्तम होता. शिक्षकाने मुलाकडे पाहावं, पाहिलेलं लिहावं, आकड्यांत माणूस कोंबू नये. पण हिशेब घातला तर वर्गात मुलं 40, विषय आठ, सत्रं दोन, म्हणजे विषयाला एकेकच ओळ लिहायची म्हटली तरी 640 ओळी. एवढं एकट्याने निरीक्षण करून लिहायचं तर शिकवणं बंद ठेवावं लागेल. साहजिकच तयार नोंदींच्या विषयवार पीडीएफ फिरू लागल्या, आणि 'वर्गकार्यात सक्रिय सहभाग घेतो', 'शालेय शिस्त आत्मसात करतो' ही वाक्यं चांद्यापासून बांद्यापर्यंतच्या प्रगतिपत्रकांवर उतरली. ती एका बैठकीत सलग वाचली तर महाराष्ट्रात एकच मूल आहे आणि ते कमालीचं गुणी आहे, असा समज होतो. उणिवांच्या रकान्यासाठीही तयार वाक्यं होती, आणि तीसुद्धा इतकी सोज्ज्वळ की आपल्यात एवढीच उणीव असावी असं मोठ्या माणसालाही वाटावं. यात मी शिक्षकांना दोष देत नाही. ज्याने 640 ओळी मागितल्या त्याला 640 ओळी मिळाल्या. माझी तक्रार एवढीच, की आजचं वीकली अपडेट हे दोन बोटांच्या शेऱ्याचं नव्हे, या पीडीएफचं वारसदार आहे. फक्त त्याने पोशाख इंग्रजी चढवलाय आणि सोबत फोटो आणलेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की पूर्वी तर काहीच कळत नव्हतं, आता कळतंय तर कुरकुर कशाला? शिवाय 'आज शाळेत काय झालं?' या प्रश्नाला जगातल्या सर्व मुलांनी मिळून 'काही नाही' हे एकच उत्तर ठरवलेलं असताना पालकाने जायचं कुठे? आक्षेप खरा आहे आणि तो मला मान्य आहे. या आठवड्यात 'पाण्यात तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तू' झाल्या हे ठाऊक असेल तर बादलीत लिंबू टाकून गप्पा सुरू करता येतात. तेवढ्यासाठी तीन ओळी पुरतात. कायद्याचीही मागणी काही फार नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिलीत. त्यात पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती आणि इतर संबंधित माहिती सांगणं हे एक आहे. त्यात बैठक आहे, म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसणं आहे. 'यलो डे'ला केळ्याच्या वेशात उभ्या असलेल्या मुलाचा फोटो सक्तीचा नाही. पालकांना दाखवण्याची दुसरी रीतही आहे: तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तिथे आईला पोर काय शिकतंय ते हातातलं काम न सोडता दिसत होतं. सगळ्यांनी अंगणात भरवा असं मी म्हणत नाही. आमच्या सोसायटीत अंगण म्हणजे पार्किंग.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. असली साप्ताहिक पत्रं उपयोगी पडतात असं संशोधन सांगतं, असं शाळा म्हणतात. सांगतं खरं, पण काय सांगतं ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत टॉड रॉजर्स आणि मॅथ्यू क्राफ्ट या अभ्यासकांनी उन्हाळी वर्गातल्या, आधी विषय राहिलेल्या हायस्कूलच्या मुलांच्या पालकांना दर आठवड्याला निरोप पाठवले. निरोप एका वाक्याचा, आणि त्या एकाच मुलाविषयी शिक्षकाने लिहिलेला. विषय पुन्हा राहणाऱ्या मुलांचं प्रमाण 15.8 टक्क्यांवरून 9.3 टक्क्यांवर आलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कौतुकाच्या निरोपांपेक्षा 'इथे सुधारणा हवी' असं सांगणाऱ्या निरोपांचा परिणाम अधिक दिसला. म्हणजे प्रयोगात शेवटी आपला शेराच जिंकला. कोणी म्हणेल, ती मोठी मुलं, आमची दुसरीतली. दुसरीत कोणी नापास होत नाही. मान्य. पण त्या प्रयोगात निरोप वाचणारे कोण होते? प्रौढ आईबाप. आणि प्रौढ आईबाप मूल दुसरीत असो की दहावीत, वागतात सारखेच. कौतुक वाचलं की फॉरवर्ड करतात, उणीव वाचली की मुलाशेजारी जाऊन बसतात. निदान बसायची शक्यता असते. उद्या शाळेने मला 'उजळणी सातच्या पाढ्यापाशी अडते' असं एका ओळीत कळवलं, तर पहिली दहा मिनिटं मी शाळेवर रागावेन, पुढची दहा बायकोला विचारेन की तू बघत नव्हतीस का, आणि त्यानंतर नाइलाजाने सातचा पाढा घेऊन बसेन. हा नाइलाजच शिक्षणाच्या कामाचा आहे. बावीस फोटोंनी तो कधीच येत नाही.

तिसरा आक्षेप फीचा. एवढे पैसे मोजतो, तर दिसायला नको का? या 'दिसण्या'च्या हव्यासाने सरकारलाही सोडलेलं नाही. 2016 च्या नोव्हेंबरात राज्याच्या शिक्षण खात्याने, मुलांची गळती थांबावी म्हणून, शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून 'सरल' या सरकारी पोर्टलवर चढवावेत असा आदेश काढला होता. शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तो प्रकार बारगळला. त्या वेळी आपण सगळे त्या आदेशावर पोट धरून हसलो. खासगी शाळेकडे आपण तेच मागतो तेव्हा त्याला 'ट्रान्स्परन्सी' म्हणतो. दोन्हीकडे फोटो काढणारी व्यक्ती एकच असते. तिच्यासमोर तीस-चाळीस मुलं असतात, एकाने दुसऱ्याचं खोडरबर गिळल्याची तक्रार चालू असते, आणि तेवढ्यात तिला कोणाचंही तोंड झाकलं जाणार नाही अशी फ्रेम लावायची असते, कारण ज्याचं झाकलं जाईल त्याच्या बापाचा मेसेज रात्री येणार. मूल पहिल्यांदा न अडखळता एक ओळ वाचतं तो क्षण फोटोत दिसत नाही. त्या क्षणी बाईंचे डोळे मोबाइलच्या स्क्रीनवर असले तर तो त्यांनाही दिसत नाही. आणि त्या वर्गात तो पाहणारं दुसरं मोठं माणूस नसतं.

आता एक गोष्ट मात्र हसून सोडून देता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्याच कलम 12 मुळे खासगी शाळांत पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशाच्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. म्हणजे शुक्रवारचं ते गुळगुळीत इंग्रजी पत्र ज्या फोनवर पोचतं, त्यातले काही फोन असे आहेत की तिथे ते वाचणारं त्या घरात एकच माणूस असतं, आणि ते दुसरीत असतं. ते मूल आईला पत्राचा जो अर्थ सांगेल तोच अर्थ. मला ज्यातल्या फक्त फोटोंचीच गरज आहे, ते पत्र माझ्या भाषेच्या हौसेसाठी इंग्रजीत लिहिलं जातं; आणि जिला प्रत्येक ओळीची गरज आहे, जी मुलाला शिकवणीही लावू शकत नाही आणि ग्रुपवर प्रश्नही विचारत नाही, तिला ते मिळून न मिळाल्यासारखं. ती मराठीत किंवा हिंदीत आलेली एक ओळ वाचेल, किंवा बोललेला अर्ध्या मिनिटाचा निरोप ऐकेल. शाळांना हे जमणार नाही असं अजिबात नाही. फी थकली तर शाळेचा फोन कुठल्याही भाषेत येतो. पण आम्ही बाकीचे पालक ते मागत नाही, कारण मराठीत आलेलं अपडेट मावशींच्या व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करताना तितकंसं शोभत नाही. माझ्या दिखाऊपणाची किंमत दुसऱ्याच कोणाच्या आईने भरावी, याचा मला राग येतो, आणि तो राग धरण्याइतका मी निर्दोष नाही हे त्याहून वाईट.

तेव्हा माझी सूचना अशी, की हा व्यवहार काही काळ उलटा करून पाहावा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली, त्यात ते घर आणि शाळा यांना जोडणारा दुवा ठरावं असं म्हटलंय. दुव्याला दोन टोकं असतात. मग दर शुक्रवारी पालकाने शाळेला वीकली अपडेट पाठवावं. आठवड्यात घरात काय झालं, मूल किती वाजता झोपलं, जेवताना समोर काय लावलं होतं, कोण कोणावर ओरडलं, गोष्ट कोणी सांगितली आणि ती सांगताना फोन कुठे होता. बाईंना या माहितीचा उपयोग बावीस फोटोंपेक्षा नक्की जास्त होईल. विरोध होणार, हे मी धरूनच चाललोय. कामाचा ताण, वेळ नाही, एवढं सगळं दर आठवड्याला कुठून लिहायचं, ही बाईंची सगळी वाक्यं आमच्या तोंडी येतील. आणि पंधरवड्याच्या आत पालकांसाठी तयार वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ ग्रुपवर फिरू लागेल. 'गृहकार्यात सक्रिय सहभाग घेतो', 'पाल्याशी सुसंवाद साधतो', 'सुधारणा आवश्यक: नाही'. ती आली की मला कोणीतरी टॅग करा, रविवारी रात्री साडेदहापर्यंत चालेल.