भावी वारसदार

डोंबिवलीतल्या जुन्या सोसायटीत एक तरी भावी वारसदार असतोच. वय पस्तिशीकडे झुकलेलं, नोकरी मुंबईत, लग्नाचं ‘बघणं चालू आहे’. फास्ट लोकलला लटकलेली बाकीची मंडळी पगारावर कुरकुरतात, हा येणाऱ्या इस्टेटीवर बोलतो. त्याच्या व्याकरणात वर्तमानकाळच नाही. ‘आजोबांचं होतं’ हा भूतकाळ आणि ‘एकदा क्लिअर झालं की’ हा भविष्यकाळ. थकलेला मेंटेनन्स, मित्रांची उसनवारी आणि घराचा रंग हे सगळं या भविष्यकाळात मोडतं.

आमच्या बी विंगमधल्या वारसदाराच्या काखेत कायम एक चेनची फाइल असते. आत आजोबांचं मृत्युपत्र नाही, मृत्यूचा दाखला आहे, तोही साक्षांकित प्रतींच्या गठ्ठ्यासह. रिझर्व्ह बँकेनं 2023 साली ‘उद्गम’ पोर्टल काढलं तेव्हा हा सत्यनारायण घालायला निघाला होता. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि वारसाला त्या परत मागता येतात, हे त्यानं दूधवाल्यालाही समजावलं. मग आजोबांचं नाव टाकलं. त्या नावाचे बरेच निघाले, आजोबा त्यांत नव्हते. मोर्चा शेअर्सकडे वळला. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर्स सरकारच्या आयईपीएफ निधीत जमा होतात, तेव्हा तिथे काहीतरी असणारच! ट्रंकेत एका गिरणीचा शेअर सापडलाही. गिरणी मात्र सापडली नाही.

तेवढ्यात इमारत रीडेव्हलपमेंटला जायची ठरली आणि आईला एकदम आठवलं, आजी जाताना ‘देवघराखाली’ एवढंच म्हणाली होती. रविवारी दुपारी, शेजारी गाढ झोपेत असताना, ह्यानं देवघराची फरशी उचकटली. खालच्या काकूंच्या आमटीत प्लास्टर पडलं आणि सगळी विंग वर आली. फरशीखालून तांब्याचा गडू निघाला, तोंडाला फडकं बांधलेला. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, हे ह्याला तोंडपाठ. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, मग गडू पालथा केला. पाच, दहा, वीस पैशांची अ‍ॅल्युमिनियमची नाणी. दोनदा मोजली, 9 रुपये 40 पैसे भरले. कलेक्टर साठ पैशांनी वाचले.

राहिली जमीन. घोडबंदर रस्त्याकडे घराण्याची भातशेती होती म्हणे. ह्यानं ठाण्याच्या तहसील कचेरीत जुन्या फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज ठोकला. शेजारच्या बाकावर एक मुलगी तसाच अर्ज घेऊन बसली होती. गट नंबर विचारला तर तोच! दुसरा वारस निघाला म्हणून पोटात गोळा आला. मुलगी छान असल्यामुळे लगेच दुसरा आला, नात्यातली तर नाही ना?

नात्यातली नव्हती. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कूळकायद्यानं कसणारा जमिनीचा मालक झाला. मालकी गेली ती ह्याच्या आजोबांची, मिळाली तिच्या आजोबांना. 32-ग खाली ठरलेली किंमत भरून 32-मचं प्रमाणपत्रही त्यांनी घेतलेलं.

‘‘हप्ते तुमच्या आजोबांना पोचलेत बरं का,’’ ती म्हणाली, ‘‘पावत्या आहेत.’’

आईनं नंतर कबूल केलं की डोंबिवलीची जागा घेताना मामंजींनी ‘जमिनीचे आलेले’ घातले होते. म्हणजे वारसदार इतकी वर्षं इस्टेटीत बसूनच इस्टेट शोधत होता, मेंटेनन्स थकवून.

मुलगी आली होती ती भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत होते म्हणून. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे ह्यानं तिला कलमासकट सांगितलं. त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं माणूस त्याला प्रथमच भेटलं. तिथून दोघं मामलेदार मिसळीत गेले. ह्यानं ऐटीत तिखट मागवली आणि दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. जमीन गेल्याचं दुःख अजून ताजं आहे असं वाटून तिनं आपल्या ताकाचा ग्लास पुढे सरकवला. पुढच्या दिवाळी पहाटे दोघं फडके रोडवर दिसले, म्हणजे डोंबिवलीच्या हिशेबी फेरफाराची नोंद झालीच.

गेलेली लक्ष्मी सुनेच्या पावलांनी परत येतेय, असं आई सोसायटीभर सांगत सुटली. मुलीनं लग्नाआधीच खुलासा केला, ‘‘भावांना हक्कसोड देणार नाही, आणि सातबारावर तुझं नाव लावणार नाही.’’

ह्यानं सवयीनं कायदा उघडला. बायकोला माहेरून आलेल्या जमिनीत नवऱ्याला वाटा मिळू शकतो, पण पदरी मूल हवं आणि बायको आधी जायला हवी. पहिली अट वाचून तो लाजला. दुसरी वाचून त्यानं पुस्तक मिटलं. आता तो गुरुवारी उपास करतो. आपण कुणाचेच वारस होऊ नये, अशी त्याची आयुष्यातली पहिलीच प्रार्थना आहे.