मधल्याचा मान

ताईचा फोन रात्री साडेअकराला वाजला. अमेरिकेत, ताईच्या एडिसनला, तेव्हा दुपार असते आणि दुपारी तिला काळजी करायला वेळ मिळतो. पण बोलला भाचा. "मामा, एलसॅटला १७१, जीपीए ३.१. चांगल्या लॉ स्कूलला चान्स किती?"

मला विचारलं, कारण घरात वकिलीची पदवी असलेला मी एकटाच. ती पदवी ट्रंकेत आहे आणि मी सदर लिहितो, ही गोष्ट ताईने मुलाला सांगितलेली दिसत नाही.

आधी कितीपैकी ते विचारून घेतलं. एलसॅट ही तिकडच्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, १८० पैकी, पण सुरुवात १२० पासून. म्हणजे सगळी उत्तरं चुकली तरी १२० खिशात. परीक्षा असावी तर अशी. जीपीए म्हणजे पदवीच्या ग्रेडची सरासरी, चारपैकी, मात्र लॉ स्कूलचे अर्ज हाताळणारी मध्यवर्ती संस्था तो स्वतः नव्याने मोजते आणि ए प्लसला ४.३३ धरते. चारपैकी ४.३३! आमच्या दहावीत बेस्ट ऑफ फाइव्ह आणि चित्रकलेचे वाढीव गुण मिळून शंभर टक्के होतात, तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

आता ३.१ चं कारण. पहिली दोन वर्षं पोराने बापाच्या हट्टापायी केमिकल इंजिनिअरिंगमध्ये घालवली. मग इतिहास घेतला आणि सगळे ए आणले. पण पहिल्या पदवीपर्यंतच्या सगळ्या ग्रेड मोजणीत येतात. हट्ट कोणाचा होता, हा रकाना त्या मोजणीत नाही. अशा उमेदवाराला तिकडे 'स्प्लिटर' म्हणतात. एक पाय माचीवर, एक खड्ड्यात.

चान्स सांगणारे तक्ते त्याने पाहिले होते. दोन तक्त्यांनी दोन वेगळे आकडे दिले, म्हणून तिसरा तक्ता म्हणून मी. मी म्हटलं, "बाळा, तू किती हुशार हे कोणी विचारतच नाहीये. तुझ्यामुळे त्यांचा मध्यक हलतो का, एवढंच ते बघतात."

मध्यक आठवतो ना? दहावीच्या सांख्यिकीत मध्य आणि बहुलक यांच्यामध्ये चेंगरलेला. पीटीच्या सरांनी उंचीने रांग लावली की बरोबर मधला पोरगा. त्याची उंची हाच मध्यक. रांगेच्या शेवटचा पोरगा बुटका आहे की खड्ड्यात उभा आहे, याने मधल्याच्या उंचीत सुताचाही फरक पडत नाही. लॉ स्कूलांना आपले एलसॅट आणि जीपीए यांचे मध्यक दर वर्षी जाहीर करावे लागतात आणि 'यूएस न्यूज'ची क्रमवारी तेच उचलते. २०२२ मध्ये येल आणि हार्वर्ड त्या क्रमवारीवर रुसून बाहेर पडले, मग क्रमवारीवाल्यांनी या आकड्यांचं वजन घटवलं. शाळांची खोड काही गेली नाही.

म्हणून स्प्लिटरला गिऱ्हाईक आहे. शाळेचा एलसॅटचा मध्यक १७० असेल तर १७१ वाला हवाच. त्याचा जीपीए मध्यकाच्या खाली आहे म्हटल्यावर ३.१ काय आणि २.८ काय, नुकसान तेवढंच. ते भरून काढायला उलट्या बाजूचे, म्हणजे ३.९ आणि बेताचा एलसॅट असलेले, घ्यायचे. दोन अर्धवटांचा एक आदर्श वर्ग. काही ठिकाणी तर या पोरांना ओढायला शिष्यवृत्तीही देतात.

या खेळात इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ स्कूलने कळस केला. आपल्याच विद्यापीठातली चढ्या जीपीएची पोरं एलसॅटशिवाय घ्यायची योजना काढली. परीक्षाच नाही तर तिचा मध्यक खाली येणार कसा? एवढ्यावर भागलं असतं तर हुशारी म्हटली असती. पण आकडेही वर्षानुवर्षं फुगवून कळवले. २०१२ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने अडीच लाख डॉलर दंड केला. कायदा शिकवणारी शाळा, हे ध्यानात असू द्या.

गंमत पुढे आहे. पोराने पदवी इथे केली असती, तर भारतीय गुणपत्रिकेला अर्ज हाताळणारी ती मध्यवर्ती संस्था जीपीए देतच नाही. उत्तम, सरासरी असा शब्दांतला शेरा देते. आकडा नाही म्हणजे मध्यकाला धक्का नाही. ताई उगाच ग्रीन कार्डसाठी अकरा वर्षं थांबली.

आणि आमच्याकडे? तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या गटातून पदवीला ४५ टक्के हवेत. हा उंबरठा ओलांडला की ४६ वाला आणि ८६ वाला सारखेच, पुढे फक्त सीईटी. तीन वर्षं रात्र रात्र जागलेल्या ८६ वाल्याने हे कोणाला विचारायचं? उंबरठ्याला विचारून उपयोग नाही.

"मग मी काय करू?" भाच्याने विचारलं. सांगितलं ते असं. हार्वर्ड, येलचा मध्यक १७४ च्या आसपास. तिथे तू स्प्लिटरसुद्धा नाहीस, दोन्ही पाय खड्ड्यात. जिथला मध्यक १७१ किंवा खाली, तिथे अर्ज टाक आणि दारं उघडतात त्या सप्टेंबरातच टाक. जागा भरत जातात तसा स्प्लिटरचा भाव उतरतो. इंजिनिअरिंगचा खुलासा वेगळ्या कागदावर अर्ध्या पानात लिही, वडिलांचं नाव न घेता.

मागून ताईचा आवाज आला, "हार्वर्डचं काय म्हणतोय रे मामा?"

फोन कट झाला. भाच्याने केला असावा. वकील होईल पोरगा.