सहा तस्तं आणि बारा कापडं

मिरज स्टेशनावर रात्री एक बाई धापा टाकत आल्या आणि त्यांनी हमालाला विचारलं, "वास्को गेली का हो?" हमाल म्हणाला, "कुठली जाते? वास्को आज लेट आहे."

निजामुद्दीनहून येणाऱ्या गोवा एक्सप्रेसबद्दल ते दोघं बोलत होते. पण मला उगाचच हसू आलं. दाढीवाला, रागीट, तलवार कमरेला लावून अर्धी दुनिया पालथी घालणारा एक खलाशी, त्याला आपल्या लोकांनी स्त्रीलिंगी करून टाकलं आणि वर लेट ठरवलं.

मी गोव्यातल्या वास्को गावाला मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला निघालो होतो. मांडीवर आहेराचा खोका होता. आत लेमन सेट. हा लेमन सेट आमच्याकडेही एका लग्नातच आलेला. निघताना बायकोने दोनदा बजावलं होतं, "आत कुणाच्या नावाची चिठ्ठी राहिली नाहीये ना, ते बघ." बघितलं होतं. तरी धाकधूक होतीच. अशा मनःस्थितीत माणसाला वास्को द गामाचीच आठवण यायची, कारण आहेराच्या बाबतीत त्याच्याइतकी फजिती झालेला दुसरा पाहुणा मला माहीत नाही.

8 जुलै 1497 ला तो लिस्बनहून निघाला. चार जहाजं, सुमारे 170 माणसं. आफ्रिकेला वळसा घालून मालिंदीला आला. तिथून पुढचा रस्ता त्याला ठाऊक नव्हता. तो दाखवायला तिथल्या राजाने या समुद्रातला एक जाणता तांडेल दिला. त्याने 23 दिवसांत पैलतीर गाठून दिला. 20 मे 1498, कालिकतजवळचा कप्पड किनारा. म्हणजे आमच्या गुरुजींनी ज्या शोधावर पाच मार्कांचं टिपण लिहून घेतलं, त्यातल्या सगळ्यात अवघड टप्प्याला सुकाणू दुसऱ्याच्याच सांगण्यावरून फिरत होतं.

आणि मग आहेर. सफरीवरच्या एका माणसाने लिहिलेल्या रोजनिशीत कालिकतच्या सामुतिरी राजासाठी काढलेल्या भेटींची यादीच आहे. लग्नात वही घेऊन बसणारे काका लिहितात तशी. पट्ट्यापट्ट्यांची कापडं 12, लाल टोपडी 4, टोप्या 6, पोवळ्यांच्या माळा 4, हात धुवायची तस्तं 6, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं, मधाची दोन पिंपं. राजाचे कारभारी ती मांडणी बघायला आले आणि चक्क हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही यापेक्षा जास्त देतो, सोनं असेल तर काढा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ज्या बंदरात चीनपासून अरबस्तानापर्यंतचा माल उतरायचा, मिऱ्याच्या राशी पडलेल्या असायच्या, तिथे साखर आणि टोप्या! गामाने यावर दिलेलं उत्तर कुठल्याही अडचणीत सापडलेल्या वऱ्हाड्याला शोभेल असं आहे. हा आहेर माझ्या राजाचा नव्हेच, माझा स्वतःचा आहे, म्हणाला.

मला त्या सहा तस्तांची फार कीव येते. दोन महासागरांचं पाणी पाहून ती आली आणि कुणी हातसुद्धा धुतले नाहीत.

परतीला त्याने वारा फिरायची वाट पाहिली नाही. पाहुण्याचा अपमान झाला की तो जेवायला थांबत नाही, तसं असावं. आपल्या कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर डागडुजी करून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जहाजं सुटली. येताना 23 दिवसांत कापलेल्या समुद्राला जाताना जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, हातपाय सुजून माणसं पटापट गेली. एक जहाज चालवायला माणसंच उरली नाहीत म्हणून वाटेत जाळून टाकावं लागलं. भाऊ पावलो घराच्या अलीकडे, अझोर्स बेटांवर वारला.

दुसऱ्यांदा आला तो 1502 मध्ये, तेव्हा आहेराची काळजी मिटली होती. तोफा होत्या. मक्केहून यात्रेकरूंना घेऊन परतणारं मीरी नावाचं जहाज त्याने मलबारच्या समुद्रात अडवलं, लुटलं आणि माणसांसकट पेटवून दिलं. आत शेकडो लोक होते. बायका तान्ही मुलं वर धरून दाखवत होत्या, हे त्याच्याच ताफ्यातल्या एकाने लिहून ठेवलंय. मग कालिकतवर तोफांचा भडिमार. त्याला दर्यावर्दी म्हणा, माझी ना नाही. पण शूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिसऱ्यांदा, 1524 मध्ये, तो व्हाइसरॉय होऊन आला. दाभोळच्या समुद्रात जहाजं अचानक गदागदा हलली, बहुधा भूकंप. माणसं घाबरली, तेव्हा समुद्रच आपल्याला भिऊन कापतोय, असं त्याने सांगितलं म्हणतात. दाभोळच्या एखाद्या कोळ्याने हे ऐकलं असतं तर त्याने वल्हं बाजूला ठेवून एकदा त्याच्याकडे बघून घेतलं असतं, बस. तीनच महिन्यांत, नाताळच्या आदल्या दिवशी, गामा कोचीनला वारला.

नाव मात्र फिरतंच राहिलं. लिस्बनमध्ये 17 किलोमीटरचा पूल त्याच्या नावाचा, रिओत फुटबॉलचा क्लब त्याच्या नावाचा. 1998 मध्ये पाचशे वर्षांचा सोहळा करायची टूम निघाली तेव्हा आपल्याकडे लोक चिडले, आणि योग्यच चिडले. पण त्याच्या पुतळ्यावर राग काढण्याचा पहिला मान आपला नाही. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीवर त्याच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, पणजोबांचा पुतळा बसवला. पणतूवर खार खाऊन असलेल्या पोर्तुगीजांनीच 1600 च्या सुमारास तो दोर लावून खाली ओढला. पुढे तो पुन्हा बसवला गेला. आजही नदीकडे तोंड करून उभा आहे.

वास्कोत उतरलो. लग्नघरी मांडवाच्या दाराशीच वहीवाले काका होते. खोका हातात घेऊन त्यांनी हलवून पाहिला, आतून काचेचा किणकिणाट झाला, आणि त्यांनी चेहऱ्यावर काही न दाखवता लिहिलं, "एक ले. सेट." कोणी हसलं नाही. जेवताना शेजारच्या गृहस्थांना गामाबद्दल छेडलं, तर ते म्हणाले, "त्याचं काय घेऊन बसलात! श्रावणात सप्ताहाला या. दामोदराच्या देवळात चोवीस तास भजन, सगळी वास्को रस्त्यावर असते."

परतीचं तिकीट काढलं. एवढं फिरलेलं नाव, पण रेल्वेने ते आटोपशीर करून टाकलंय. स्टेशनचा कोड तीन अक्षरी आहे: व्हीएसजी.